चिपाडाची खोली

मल्हार कोकरे आमच्याकडे आला की सोफ्यावर कधी बसला नाही. दोन स्पीकरांच्या मधोमध, फरशीवर मांडी घालून बसायचा. मी सतरंजी टाकू लागले तर म्हणायचा, "ऱ्हाऊ द्या काकू, सतरंजी आवाज पिते." मग पिशवीतून मऊ फडक्यात गुंडाळलेली सीडी काढायचा, उजेडाकडे तिरपी धरून पाहायचा आणि दोन्ही हातांनी माझ्याकडे द्यायचा. मशीनमध्ये घालायची ती मीच. यजमानांच्या मशीनला दुरुस्तीखेरीज त्याने कधी हात लावला नाही.

ते मशीन म्हणजे काही मोठे प्रकरण नव्हे. यजमान पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले तेव्हा त्यांनी पुण्याहून आणलेला साधा सीडी प्लेअर. एकदा त्याचा खण बाहेर येईना. बारामतीच्या एसटी स्टँडजवळच्या दुकानात तेव्हा मल्हार दुरुस्तीचे काम करत असे. तो घरी आला, खण सोडवला, आणि जाताना म्हणाला, "साहेब, हे मशीन कुणाला देऊ नका." यजमान गेल्यावरही तो येत राहिला. तोपर्यंत त्याने दुकान सोडून भिगवणला स्वतःचे काम सुरू केले होते. आपल्या लोकांची जुनी गाणी तो ध्वनिमुद्रित करायचा आणि त्यांच्या सीडी बनवायचा. प्रत्येक सीडी पक्की करण्याआधी ती आमच्याकडे वाजवून पाहायचा. त्याच्याकडे चांगली महागडी यंत्रे होती. पण तो म्हणायचा, "माझ्या मशीनवर चांगलं वाजतंय त्याचं काय कौतिक. तुमच्या मशीनवर वाजलं पायजे."

त्याच्या छातीत काय चालले होते ते सगळ्यांच्या आधी याच मशीनने सांगितले. आम्ही दोघांनी ते ऐकले, आणि खूश झालो.

मल्हार मूळचा कळंबजवळच्या एका वस्तीवरचा. वडील बिरू कोकरे मेंढपाळ. दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणाकडे उतरायचे आणि पावसाच्या आधी परत यायचे. मल्हारचे लहानपण त्या वाटेवर गेले. संध्याकाळी मेंढरे वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, कोंडली की वडील त्याला कुंपणाला लागून आडवे व्हायला सांगत. डोळे मिटायचे आणि ऐकायचे. एवढ्या मेंढरांच्या श्वासांत एखाद्या छातीत शिट्टी वाजते का? वाजली तर ती मेंढी तेव्हाच बाजूला काढायची, आणि दुसऱ्या दिवशी कळपाच्या मागे, वाऱ्याच्या खालच्या अंगाला चालवायची, म्हणजे तिचा रोग इतरांना लागत नाही.

"आबा म्हणायचे," मल्हार सांगायचा, "मेंढी आपण आजारी हाय म्हणून सांगत न्हाय. तिला सोताला ठावंच नसतं. ते दुसऱ्यानंच ऐकायचं असतं."

मेंढरे गेली, पण तो कान राहिला. त्या कानाने त्याला ध्वनिमुद्रणाकडे नेले असे मला वाटते. आणि त्याला सगळ्यात जास्त जे मुद्रित करायचे होते ते त्याच्या आत्याचे, नकोशीबाईंचे गाणे. घरात पाठोपाठ मुली झाल्यावर हे नाव ठेवलेली ही बाई आता ऐंशी ओलांडलेली होती. कळपामागे चालताना म्हणायची गाणी तिच्याइतकी आता कुणालाच येत नव्हती. नकोशीबाईंची सगळी गाणी एका संचात आणायची, मग दुसरे काही करायचे, असे मल्हारने ठरवले होते.

"फोनवर का नाही टाकत?" मी एकदा विचारले.

"वस्तीवरच्या म्हाताऱ्यांना फोन नातवाकडं मागायला लागतो, काकू. सीडी ट्रंकेत ऱ्हाती. देवळात मशीन हाय, टेम्पोत मशीन हाय. अन् फोनवरचं गाणं कुणी पुरं ऐकतंय का?"

मास्टरिंग म्हणजे काय, तेही त्याने आमच्या स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून समजावले. सीडीवर उतरवण्याआधी गाण्यावर फिरवायचा तो शेवटचा हात.

"आमी गाणं भरून घेतो ते लई बारीक मापानं, काकू. चिपट्यानं म्हणा. सीडीत मावतं ते पायलीच्या मापानं. मग पायलीच्या खाली जे उरतं ते सांडतं. अन् सांडतं काय? गाणाऱ्याचा श्वास. ओठ उघडल्याचा आवाज. ओळ संपल्यावर मागं रेंगाळतं ते. तेच तर गाणं असतं."

"मग?"

"मग मुद्दाम थोडी सूं सूं मिसळायची. कानाला कळंल न कळंल अशी. त्या सूं सूंवर बारीक आवाज तरंगून वर येतो. पाण्यावर भुसा येतो का न्हाय, तसा. मग कुठल्याबी साध्या मशीनवर लावा, आत्तीचा श्वास ऐकू येणार म्हंजे येणार."

मला त्यातले अर्धेच कळले. पाण्यावर तरंगणारा भुसा मात्र डोळ्यांपुढे राहिला.

पण असे बारीक काम करायचे तर शांतता हवी, आणि मल्हारचे घर भिगवणला. पुढे हायवे, तिथे मासळीच्या हॉटेलांपुढे थांबणारे ट्रक. एका बाजूला रेल्वे. मागे उजनीचे पाणी, पावसाळ्यात परसापर्यंत येणारे. दिवसाचा असा एक तुकडा नव्हता की ज्यात हॉर्न नाही, इंजिन नाही, भांड्यांचा आवाज नाही. पुण्याच्या स्टुडिओंत भिंतींना लावतात ते सामान त्याने पाहून ठेवले होते. पण त्याला आठवले ते कळंबचे गुऱ्हाळ. ऊस पिळून उरलेल्या वाळक्या चिपाडाच्या ढिगामागे तो लहानपणी निजायचा. ढिगाच्या पुढे इंजिन धडधडत असे आणि मागे काही ऐकू येत नसे.

त्याने ट्रॉली भरून चिपाड आणले. कडबा कापायच्या मशीनवर त्याची कुट्टी केली, पोत्यांत ठासून भरली, आणि मागच्या खोलीच्या चारही भिंतींना जमिनीपासून छतापर्यंत पोती रचली. त्यांवर गोधडीचे कापड ताणले. दारालासुद्धा पोत्यांचाच पडदा. भिगवणमध्ये शांतता पाहायला माणसे येऊ लागली. आत जायची, दार लावून घ्यायची आणि हसत बाहेर यायची.

"लोक बायकोसाठी महाल बांधतात," त्याची बायको मनिषा मला म्हणाली, "ह्यांनी चिपाडासाठी बांधलाय. मी आत गेले तर म्हणतात बांगड्या काढून ये."

मीही एकदा गेले होते. दार लागल्याबरोबर हायवे नाहीसा झाला. काही क्षणांनी माझेच रक्त माझ्या कानांत वाजू लागले. वास येत होता, गुळाच्या काहिलीसारखा गोड, पण त्याच्या आत काहीतरी आंबलेले. समोर मल्हार बसला होता, लॅपटॉपच्या उजेडात त्याचा चेहरा समाधानाने भरून गेलेला. मला तिथे पाच मिनिटेही थांबवेना. बाहेर, गाण्यांसाठी कळंबहून राहायला आलेल्या नकोशीबाई ओट्यावर सुपारी कातरत बसल्या होत्या. त्यांना आत नेऊन गायला लावायला मल्हारला रोज मिनतवाऱ्या कराव्या लागत.

"पाहिली खोली?" त्यांनी विचारले.

"पाहिली. फार शांत आहे."

"शांत? आत बसलं की आपण मेलोय अन् कुणी आपल्याला सांगितलं न्हाय, असं वाटतंय."

त्या एक-दोन गाणी म्हणून बाहेर येत. मल्हार मात्र दिवसभर आत असे. आधी मुद्रण, मग तेच पुन्हा पुन्हा ऐकणे, एकेका श्वासावर काम.

त्या उन्हाळ्याच्या शेवटी मनिषाचा फोन आला. मल्हारला संध्याकाळी कणकण येते, अंग मोडून येते, कोरडा खोकला लागतो. सकाळी उठला की पुन्हा ठीक. "अन् गंमत सांगते काकू, बिरोबाच्या जत्रंला हे कळंबला गेले होते, तितं अगदी ठणठणीत. हितं आले की दुसऱ्या दिवशी परत सुरू. गावाला गेलं की बरं, घरी आलं की आजारी. माझ्या हातचं बाधतंय म्हणायचं!" ती हसली. मीही हसले. त्या हसण्याची नोंद त्या दिवशीच्या रोजनिशीत आहे. पुढे कित्येक दिवस ती ओळ मला वाचवत नव्हती.

पाऊस सुरू झाल्यावर मल्हार नव्या पद्धतीची पहिली सीडी घेऊन आला. बारीक झाला होता. शर्टाची कॉलर मानेपासून सुटलेली दिसत होती. फरशीवर बसला, सीडी उजेडाकडे धरली, माझ्या हातात दिली.

नकोशीबाईंचा आवाज खोलीत आला तो असा, की मी दाराकडे पाहिले.

"मेंढरं गेली फुडं, मागं ऱ्हायली सावली, सावलीच्याबी मागं कोन येतंया माउली..."

पहिली ओळ आणि दुसरी ओळ यांच्यामध्ये त्यांनी श्वास घेतला तो ऐकू आला. जीभ टाळूवरून सुटली तीही. आणि त्या मधल्या जागेत आणखी काहीतरी होते. अगदी बारीक, उंच, ओढल्यासारखे. बासरीत फुंकर नीट न बसल्यावर येते तसे. शाळेत असताना आमच्या चर्चच्या गायनवृंदात सिस्टर बेनेडिक्टा ओळीओळींच्या मधे बोट ओठांवर ठेवून उभी राहायची. श्वास घ्या, पण तो कुणाला ऐकू येता कामा नये. त्यामुळे मधल्या जागा ऐकायची सवय मला तेव्हापासूनची.

"मल्हार, दोन ओळींमध्ये काहीतरी वाजते आहे."

तो ताठ झाला. "कसं?"

"शिट्टीसारखे. फार बारीक."

"तुमाला ऐकू आलं? ह्या मशीनवर?" त्याने मांडीवर थाप मारली. "काकू! म्हंजे बारीकातलं बारीकबी सीडीत उतरलं की! काम झालं बघा!"

त्याला इतका आनंद झालेला मी क्वचितच पाहिला होता. मी चहाबरोबर शंकरपाळे काढले. जाता जाता तो म्हणाला, "फॅनचा आवाज असंल. काढून टाकतो."

निघताना तो ओट्याच्या पायरीवर बसला आणि खाली वाकून चपलेचा पट्टा लावत राहिला. बराच वेळ लावत होता. त्याच्या चपलेला पट्टाच नव्हता, हे माझ्या लक्षात आले ते फाटक लावून आत आल्यावर.

त्याने आवाज काढला. त्याची रीत अशी होती: कुणी गात नसताना खोलीत जे ऐकू येते त्याचा एक तुकडा संगणकाला दाखवायचा, मग संगणक तसले सगळे सबंध गाण्यातून वेचून फेकतो. पुढची सीडी आली ती स्वच्छ होती. पण ती वस्तीवर वाजवली तेव्हा नकोशीबाईंनी मान हलवली.

"माझं वारं कुठं गेलं रं, मल्हारी?"

"कसलं वारं, आत्ती?"

"मी श्वास घेतच न्हाय ह्यात. बाहुलीवानी गातीया."

शिट्टीबरोबर त्यांचा श्वासही वेचला गेला होता. मल्हारला ते लागले. धुऊन काढायचे नाही, मुळातच आवाज येता कामा नये, असे त्याने ठरवले, आणि त्याचा शोध सुरू झाला. पंखा काढला. घरातला फ्रीज बंद ठेवायला लावला. मनिषा दूध शेजारी नेऊन ठेवू लागली. इन्व्हर्टर परसात नेला, लॅपटॉप दाराबाहेर. माइक बदलला, वायरी बदलल्या. दर वेळी तो मुद्रण करायचा आणि ऐकायचा, आणि दर वेळी ती शिट्टी तिथेच असायची. कधी जरा मोठी, कधी लांबट. मुद्रण करताना तो माइकच्या मागे हाताच्या अंतरावर बसत असे, हे आम्हा सगळ्यांना माहीत होते. कुणाच्याही मनात काही आले नाही.

"कुठंतरी फट हाय," तो फोनवर म्हणाला. "वारं शिरतंय. पोत्यांचा दुसरा थर लावतो."

"मल्हार, खोकला कसा आहे?"

"हाय आपला. दमट हवा हाय भिगवणची, काय करता. डॉक्टरनं गोळ्या दिल्यात."

"त्यांना खोलीचे सांगितलेस का?"

"खोलीचं काय सांगायचं त्यात?"

भर पावसात त्याने आणखी चिपाड आणले. खोलीला एक लहान खिडकी होती, तीही पोत्यांनी बुजवली. मागच्या भिंतीपलीकडे उजनीचे पाणी चढत होते, आणि भिंतीला लागलेली खालची पोती ओल धरत होती. मनिषा म्हणाली की आता त्या खोलीचा वास तिच्या साड्यांना येतो. मल्हारला येत नव्हता. संध्याकाळची कणकण आता सकाळपर्यंत राहू लागली. आठवड्याच्या बाजारातून पिशवी आणताना तो मधेच थांबून कुणाच्या तरी दुकानाची पाटी वाचत उभा राहायचा. एकच पाटी, पुन्हा पुन्हा.

"पुण्याला मोठ्या डॉक्टरांना दाखव," मी दर फोनला सांगत होते.

"आत्तीची गाणी तेवढी होऊ द्या, काकू. थोडीच ऱ्हायलीत. तिचं वय बघा. तिला कधी काय हुईल सांगता येत न्हाय."

दिवाळीच्या आधी नकोशीबाईंच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन बारामतीत झाले. दुपारी मल्हार आणि मनिषा त्यांना दवाखान्यातून थेट आमच्याकडे घेऊन आले, थोडे टेकून मग कळंबला जायचे म्हणून. त्यांच्या एका डोळ्यावर हिरवी पट्टी होती. मी त्यांना खुर्चीत बसवले. मल्हार पायऱ्या चढून आला तो बोलला नाही. हाताने "थांबा" अशी खूण करत राहिला. मग फरशीवर आपल्या जागी बसला आणि पिशवीतून फडके काढले.

"नव्यानं घेतलेल्या गाण्यांची हाय," तो म्हणाला. "ती शिट्टी ऱ्हायलीया. लई हुडकली. सापडत न्हाय. तुमाला खटकती का बघा, न्हायतर असंच सोडून देतो."

मी सीडी घातली. मनिषा स्वयंपाकघरातून चहाचे कप घेऊन आली आणि दारातच थांबली. गाणे सुरू झाले. पहिली ओळ संपली, आणि मधल्या जागेत ती शिट्टी आली. आता ती बारीक नव्हती.

नकोशीबाईंनी मान वर केली.

"ही मेंढी कुणाची?"

"मेंढी न्हाय आत्ती. फट हाय कुठंतरी भिंतीला."

"मला शिकवतो व्हय? डोळा झाकलाय माझा, कान न्हाय. मेंढी हाय ती. छातीत शिट्टी हाय तिच्या." त्या पुढे झुकल्या. "लई दिसांची हाय. बाजूला काढली का न्हाय रं तिला?"

"आत्ती, भिगवणच्या घरी कुठली मेंढरं आली?"

"मग हे काय हाय?"

मल्हार हसला आणि हसताना खोकला. गाणे पुढे गेले, सरले. मशीनवरचे आकडे शून्यावर आले, तबकडी फिरायची थांबली.

शिट्टी थांबली नाही.

नकोशीबाईंनी पट्टी बांधलेला चेहरा हळूहळू स्पीकरांवरून वळवला आणि मल्हारकडे केला. मनिषाने हातातले कप खाली ठेवले. मल्हार अजून स्पीकरांकडेच पाहत होता.

"काकू, मशीन बंद झालं न्हाय का?"

"बंद झाले आहे, मल्हार."

"मग हे..." तो म्हणाला, आणि ऐकण्यासाठी त्याने श्वास रोखून धरला.

आवाज थांबला.

त्याने श्वास सोडला. शिट्टी पुन्हा सुरू झाली. त्याने आपला हात छातीवर ठेवला, लहान मुलाने ठेवावा तसा, आणि आमच्या तिघींकडे आळीपाळीने पाहिले.

"आबांनी पैल्या दिशी वळखली असती," तो म्हणाला.

पुण्याला मीही त्यांच्याबरोबर गेले. तिथल्या डॉक्टरांनी पाठीवर स्टेथोस्कोप ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. मग विचारले, काम काय करता? मल्हार म्हणाला, गाण्याचं. धूळ असते का कामात? न्हाय, उलट एकदम बंद खोली हाय. कशाची खोली? तेव्हा मनिषा बोलली. चिपाडाच्या पोत्यांची, म्हणाली, दोन थरांची. डॉक्टरांनी हातातला पेन खाली ठेवला. ओल्या चिपाडावर बुरशी धरते. तिची अदृश्य धूळ श्वासातून आत जाते, आणि फुप्फुसांची मऊ जाळी हळूहळू राठ होते. सुरुवातीला त्या जागेपासून दूर गेले की बरे वाटते. पुढे तसे वाटत नाही. राठ झाली तेवढी जाळी आता पुन्हा मऊ होणार नाही, असे त्यांनी सांगितले. पुढची राठ व्हायची थांबवता येईल, कदाचित. औषध दिले आणि त्या खोलीत पुन्हा पाऊल टाकायचे नाही म्हणाले.

"त्या खोलीतच सगळं शांत होतं, काकू," परत येताना मल्हार मला म्हणाला.

पोती काढली त्या दिवशी मी भिगवणला गेले होते. मनिषाने आणि तिच्या भावांनी तोंडाला ओली फडकी बांधली होती. वरची पोती निमूट आली. खालची भिंतीला चिकटलेली होती. ओढली तशी फाटली आणि त्यांच्यातून पांढरट हिरवा धूर उठावा तशी धूळ उठली. पोत्यांमागची भिंत छतापर्यंत काळी पडली होती. इतके दिवस त्या काळ्या भिंतीच्या आत बसून तो एका म्हातारीचा श्वास जपत होता.

मल्हारला मनिषाने हायवेच्या कडेला, वाऱ्याच्या वरच्या अंगाला खुर्चीवर बसवले होते. ट्रक जात होते. तो मला म्हणाला, "आबा असते तर मला खालच्या अंगाला उभं केलं असतं." मला हसता आले नाही. तो हसला, आणि मग बराच वेळ दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून वाकून राहिला.

आता तो आणि मनिषा कळंबच्या वस्तीवर राहतात. उरलेली गाणी त्याने तिथेच घेतली, घराबाहेर, बाभळीखाली. त्यात ट्रॅक्टर आहे, कोंबडा आहे, कुणीतरी कुणाला पाण्याच्या मोटारीसाठी हाक मारते आहे तेही आहे. दोन ओळींच्या मधे नकोशीबाईंचा श्वास आहे, आणि त्याच्या मागे दुसरा श्वासही आहे. तो आता काही काढत नाही. माइकपासून लांब बसायला मनिषाने सांगून पाहिले. लांबून आत्तीचे ओठ दिसत नाहीत, असे म्हणाला.

गेल्या आठवड्यात ती सीडी घेऊन दोघे आले, तो आणि नकोशीबाई. पायऱ्यांवर तो दोनदा बसला. आत आल्यावर आपल्या जागी, फरशीवर, मांडी घातली. मी सीडी लावली. संपल्यावर मी बटण दाबले नाही. हल्ली आमचा असा रिवाज झाला आहे. मशीन थांबते, मल्हार डोळे मिटतो आणि नुसता श्वास घेत राहतो. नकोशीबाई खुर्चीतून पुढे झुकून ऐकतात. दुसऱ्याही डोळ्याचे ऑपरेशन झाल्यावर त्यांचे दोन्ही डोळे आता स्वच्छ आहेत, पण ऐकताना त्या ते मिटतात.

"सांग आत्ती."

"बरी हाय मेंढी."

"मागच्या बारीपरीस?"

"बरी हाय म्हनलं न्हवं? का आता कागुद लिहून देऊ?"

तो हसला. सीडी फडक्यात गुंडाळली, एका हाताने भिंत धरून उठला, आणि रिक्षा बघतो म्हणून बाहेर गेला. ओट्यावरून त्याच्या उतरण्याचा आवाज आला, मग थांबण्याचा.

नकोशीबाईंनी पदर सावरला. दारापर्यंत गेल्या आणि वळून माझ्याजवळ आल्या.

"बाई," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "तुमच्या पायऱ्यांना कठडा न्हाय. बसवून घ्या. फुडच्या बारीला लागंल त्याला."

मी त्याच संध्याकाळी लोहाराला बोलावणे धाडले.